बुडालेल्या जहाजांचं सोनं आणि रांगेतला शेवटचा भागधारक

प्रश्न : समुद्रतळाशी गेलेल्या जहाजांतून खजिना काढणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने शंभरहून जास्त टन चांदी खरोखर वर काढली, असं वाचलं. मग तिचे भागधारक श्रीमंत का झाले नाहीत? (पुणे)

तुम्ही म्हणता ती फ्लोरिडातल्या टॅम्पाची ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन. चांदीही खरी. गिरसप्प्याच्या धबधब्यावरून नाव ठेवलेलं 'एसएस गेरसप्पा' हे ब्रिटिश मालवाहू जहाज डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून निघालं. फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. ओडिसीने २०१२ आणि २०१३ मध्ये सुमारे ४,७०० मीटर खोलीवरून चांदीच्या २,७९२ विटा, म्हणजे जवळपास ११० टन माल वर आणला. तांत्रिकदृष्ट्या हे काम अफाटच होतं.

मालकीचाही घोळ नव्हता. युद्धकाळातल्या विम्याची भरपाई ब्रिटिश सरकारने दिली असल्याने चांदी सरकारची होती आणि काम सुरू होण्याआधीच करार झाला होता : कंपनीने आपला खर्च वळता करून घ्यायचा आणि उरलेल्यातले ८० टक्के ठेवायचे.

पण असं जहाज एखादंच. ते सापडेपर्यंत आणि सापडल्यावरही बोटींचं भाडं, रोबोट, खलाशी, वकील, संचालकांचे पगार चालूच राहतात. कंपनीची बहुतेक वर्षं तोट्यात गेली. खड्डा भरायला कर्ज काढायचं, नाहीतर नवे शेअर विकायचे. नवे शेअर आले की जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा आक्रसतो. २०१६ च्या फेब्रुवारीत कंपनीने बारा जुन्या शेअरचा एक नवा शेअर केला. हा उपाय बहुधा भाव फारच खाली गेल्यावर करतात. चांदीतून आलेला पैसा आधी खर्चाला, मग देणेकऱ्यांना जातो. साध्या भागधारकाचा नंबर सगळ्यांत शेवटी.

प्रश्न : पण ज्याला सापडलं त्याचं, असा न्याय समुद्रात नाही का? (कोल्हापूर)

नाही. मे २००७ मध्ये याच ओडिसीने अटलांटिकच्या तळातून काढलेली सुमारे १७ टन नाणी जिब्राल्टरहून विमानाने फ्लोरिडात नेली. संख्या सहा लाखांच्या आसपास, बहुतेक चांदीची. जहाजाचं नाव गुप्त ठेवून मोहिमेला 'ब्लॅक स्वान' म्हटलं गेलं. माल ५० कोटी डॉलरचा असल्याचे आकडे वर्तमानपत्रांत झळकले. बाजारात तुरी, म्हणतात ती हीच.

स्पेन अमेरिकेच्या न्यायालयात गेला. जहाज 'नुएस्त्रा सेन्योरा दे लास मेर्सेदेस' निघालं : ऑक्टोबर १८०४ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांशी झालेल्या लढाईत बुडालेली स्पॅनिश आरमाराची फ्रिगेट. नाणी आमच्या भूमीत पाडलेली, असं म्हणत पेरूनेही दावा केला, तो टिकला नाही. युद्धनौका दोनशे वर्षांनीही ज्या त्या देशाचीच असते, तिच्यावर अमेरिकी न्यायालयाचा अधिकार चालत नाही, हे २०११ मध्ये अपिलातही कायम राहिलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्पॅनिश हवाई दलाची दोन विमानं टॅम्पाला आली आणि सगळा माल घेऊन गेली. कंपनीला छदाम मिळाला नाही. उलट स्पेनच्या खटल्याच्या खर्चापोटी दहा लाख डॉलर देण्याचा आदेश झाला.

म्हणून कंपनीच्या पत्रकात मी सोन्याच्या वजनाआधी दोन गोष्टी शोधतो : जहाज सरकारी होतं की व्यापारी, आणि हयात असलेल्या मालकाशी लेखी करार आहे का. 'वाटाघाटी सुरू आहेत' हा करार नव्हे. युनेस्कोचा २००१ चा पाण्याखालच्या वारशाबद्दलचा करारही अशा व्यापारी विक्रीच्या विरोधात आहे. स्पेन, पोर्तुगाल, मेक्सिको त्यात आहेत.

प्रश्न : शेअर नको, थेट भागीदारीत पैसे घातले तर? इथे ओहायोत एका ओळखीच्यांनी गळ घातली आहे. (कोलंबस, अमेरिका)

तुमच्याच गावात विचारा. १८५७ च्या वादळात बुडालेलं 'एसएस सेंट्रल अमेरिका' शोधायला टॉमी थॉम्प्सन या अभियंत्याला कोलंबस परिसरातल्या १६१ जणांनी मिळून १ कोटी २७ लाख डॉलर दिले. १९८८ मध्ये जहाज सापडलं, सोनंही सापडलं. मग जुन्या विमा कंपन्या दावे घेऊन उभ्या राहिल्या. सोनं २००० साली सुमारे पाच कोटी डॉलरना विकलं गेलं. पैसा कर्जफेडीत आणि वकिलांच्या फीमध्ये गेला, असं सांगण्यात आलं; गुंतवणूकदारांच्या हाती काही आलं नाही आणि २००५ मध्ये खटले सुरू झाले. थॉम्प्सन २०१२ मध्ये फरार झाला, २०१५ मध्ये पकडला गेला. पाचशे सोन्याची नाणी कुठे आहेत ते सांगत नाही म्हणून न्यायालयाने त्याला वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलं. शेवटी २०२५ मध्ये, यातून काही निष्पन्न होणार नाही, असं म्हणत न्यायाधीशांनीच तो नाद सोडला.

इथे खजिना खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. माल कोणाच्या ताब्यात राहील, विक्री कोण करील आणि हिशेब कोण तपासणार, हे तिघं तिऱ्हाईत नसतील तर ओळखीच्यांना चहा पाजून वाटेला लावा.

प्रश्न : बुडालेल्या जहाजातल्या सोन्यावर आधारित क्रिप्टो नाण्याचा मेसेज ग्रुपवर फिरतोय. (ठाणे)

ग्रुप सोडा. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात शिनिल नावाच्या कंपनीने हेच केलं. १९०५ मध्ये बुडालेली 'दिमित्री दोन्स्कोई' ही रशियन क्रूझर सापडल्याचं जाहीर करून तिच्यात अब्जावधींचं सोनं असल्याची हवा केली. अडीच हजारांहून जास्त लोक फसले, पदाधिकारी तुरुंगात गेले. लढाईवर निघालेल्या जहाजात दोनशे टन सोनं कोण ठेवील, एवढा प्रश्न कुणी विचारला असता तरी पुरे होतं.

प्रश्न : गोव्याच्या समुद्रात पोर्तुगीज जहाजं आहेत. तिथे अशी कंपनी काढता येईल? (म्हापसा)

जहाजं आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डायव्हरांनी सुंची रीफजवळच्या अवशेषांतून तोफा, चिनी मातीची भांडी, हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात काढले. यातलं काहीच विकून नफा वाटता येणार नाही. पर्यटकांना त्या खडकांवर डायव्हिंगला नेण्याचा धंदा बरा चालेल.

प्रश्न : माझ्याकडे ओडिसीचे शेअर आधीपासून आहेत. ठेवू की विकू? (नाशिक)

आधी हे पाहा की तुमच्याकडे खजिन्याच्या कंपनीचे शेअर आता राहिलेलेच नाहीत. ती केव्हाच समुद्रतळातल्या खनिजांकडे वळली आहे. मेक्सिकोने फॉस्फेटचा प्रकल्प अडवला म्हणून ती लवादात गेली आणि २०२४ मध्ये ३ कोटी ७१ लाख डॉलरचा निवाडा तिच्या बाजूने लागला. ती रक्कम हातात किती येते आणि लवादाच्या खर्चासाठी कंपनीला पैसा पुरवणाऱ्यांचा वाटा किती, हे वार्षिक अहवालात वाचा आणि मगच ठरवा. माझ्या मते बुडाले तरी झोप उडणार नाही, तेवढेच ठेवावेत. आणि भाव कितीही पडलेला असो, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचाच असतो.