थेट विचारायचं, अन् मग गप बसायचं

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस की ताई, समोरच्याला "जीव द्यायचा विचार येतो का" असं तोंडावर विचारलं तर नाही ते डोक्यात भरवल्यासारखं नाही का होत. मी बसस्टँडवर होते, लालपरी लागली होती, म्हणून आता लिहायले. नाही होत. अभ्यासबी झालेत त्याच्यावर, तेबी हेच सांगतात. जो माणूस आधीच त्या विचारासंगं एकटा झुंजायलाय त्याला उलट हलकं वाटतं.

मला हे चुकून कळलं. 2021 चा एप्रिल-मे, दुसरी लाट, माझी ड्युटी होम आयसोलेशनच्या पेशंटला फोन करायची, ताप किती, ऑक्सिजन किती, गोळ्या घेतल्या का, टिक मारायची अन् पुढचा नंबर. केज तालुक्यातली एक बाई, नवरा आठ दिवसांमागं गेलेला, तोंडबी बघायला मिळालं नव्हतं तिला. म्हणाली, "मी बरी हाय मॅडम, ऑक्सिजन 97 हाय, फकस्त पोरायचे कागद कुणापाशी द्यावं तेवढं सांगा." मी म्हणलं ग्रामसेवकाला विचारा, अन् टिक मारली. रात्री भाकरी थापताना ते वाक्य आठवलं अन् तव्यावरची भाकरी तशीच करपली. कागद दुसऱ्यापाशी कोण ठेवतं गं?

सकाळी उठल्या उठल्या फोन लावून सरळ विचारलं. पलीकडून काहीच नाही, कुठंतरी कोंबडी ओरडायली तेवढंच. मग म्हणाली, "यिऊन गेलं मनात." इथं लगेच तोंडात येतं की असं बोलू नका, पोरांकडं बघा. ते गिळायचं. पोरांकडं बघूनच तर ती रात्री काढायली होती! मी विचारलं कधीपासून, काही ठरवलंय का, आत्ता घरात कोण आहे. हे शेवटचे दोन कधी विसरू नको. मग आशाताई तिच्या घरी गेली, जाऊ तोंडाला रुमाल बांधून ओसरीवर झोपायला लागली, अन् फवारणीचं औषध दिरानं घरातून हलवून कुलपात ठेवलं. ही बारीक गोष्ट नाही बरं, श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली अन् तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. तो झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, तेवढा निघाला की माणूस हाती लागतो.

लोक म्हणतात हे सगळं कोरोनानं केलं. एनसीआरबीचा, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची अन् आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, देशभरातल्या आत्महत्यांचा आकडा 2019 ला 1,39,123 होता, 2020 ला 1,53,052, 2021 ला 1,64,033, वाढलाच. पण आपल्याकडं कर्ज, दारू, लेकीचं लग्न हे सगळं आधीचंच होतं, कोरोनानं फक्त माणसाला माणसापासून तोडलं. एप्रिल 2020 ला कारखान्यावर अडकलेले आपले ऊसतोडवाले गावी आले तर आपल्याच लोकांनी लांबून हाकललं त्यांना. ते मला अजून पचत नाही.

अन् तेव्हा राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. मराठवाड्यात एकबी नाही. म्हणून तुझं उपकेंद्र, तुझी आशा, हेच पहिलं दार. तू एकटीनं ओढायचं नाही पण, जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाला लगेच कळवायचं, धोका आत्ताचाच वाटला तर माणसाला एकटं न सोडता गाडीत घालून न्यायचं. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, तिचा 14416 फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, तो नंबर सांगून मोकळी होऊ नको, शेजारी बसून लावून दे. घरचे केस होईल म्हणून लपवतात, त्यांना सांग की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तणावात होता असंच धरतात, त्याला शिक्षा नाही, उलट उपचार देणं सरकारवर आहे.

आणि तुला स्वतःला रात्री झोप लागंना झाली तर मला सांगायचं. मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं, सहा महिने फोनची रिंग वाजली की छातीत धडधडायचं.

त्या बाईनं कागद शेवटी माझ्यापाशीच दिले होते, खताच्या पिशवीत गुंडाळून. गेल्या जूनला आली, थोरलीच्या अकरावीच्या अॅडमिशनला लागायले म्हणून घेऊन गेली. चहाबी घेतला नाही, बस चुकंल म्हणाली.

तुझी,
ताई