विजेविना खान्देश: कादंबरी शंभर पानांनंतर का पडते?

दोष तुमच्या वाचनाचा नाही. कादंबरीत सूर्यवादळाने, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटातून पृथ्वीवर आदळलेल्या माऱ्याने, वीज कायमची गेली, त्याला तीन वर्षं झाली, कथा रावेर-भुसावळ भागातली आणि शंभर पानांनंतर कंटाळा आला, असं तुम्ही लिहिलंय. कारण तुम्ही दिलेल्या दोन प्रसंगांतच आहे: नायक मोटारसायकल पळवत भुसावळहून धुळे गाठतो, आणि भर मे महिन्यात केळीच्या बागेत लपून घडांवर जगतो.

आधी गाडी. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओल ओढतं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं, पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे राहिलेल्या चिकट गाळाने कार्बोरेटर बुजतो. काही महिन्यांतच गाडी कुरकुरायला लागते. तीन वर्षांच्या पेट्रोलवर पहिल्या किकला सुरू झाली, तर पुढचा पाठलाग कोण खरा मानेल? डिझेल त्यापेक्षा बरं टिकतं, शेतातलं जुनं इंजिन एक वेळ खपलं असतं.

केळीचा हिशेब तर सरळ आहे. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण 1,740 झाडं. मे महिन्यात ठिबकने झाडाला रोज 20 लिटर धरा, म्हणजे एकराला जवळपास 35 हजार लिटर. केळीची मुळं वरवरची. विजेचा पंप थांबला की पहिल्याच उन्हाळ्यात बाग वाळते. तिसऱ्या उन्हाळ्यात घड आणायचे कुठून?

आणि मूळ संकटच लेखकाने नीट वापरलं नाही. सूर्यवादळाचा मार बसतो तो लांब वाहिन्यांना आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरना. मार्च 1989 मध्ये कॅनडात क्विबेकचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, असंच कोसळलं होतं. शेतातल्या सुट्या सौर पंपाचा ग्रिडशी संबंध नाही. म्हणजे ज्याच्या विहिरीवर सौर पंप, तो गावाचा नवा धनी! एवढं हाताशी असताना आणली काय, तर मुखवटे घातलेली टोळी.

नायक धुळ्याला पोचतोच, तर तिथे पांझरा नदीवरची फड ही जुनी सिंचन पद्धत होती. बंधाऱ्यातून पाट, उताराने पाणी, वीज लागतच नाही. एका फडात, म्हणजे पाटाखालच्या जमिनीच्या एका भागात, सगळ्यांचं पीक एकच, पाणी सोडणार पाटकरी. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड भिजवायचा आणि कुठला पडीक ठेवायचा, हे ठरवावं लागतं. ज्याची सगळी जमीन नेमकी पडीक फडात, तो रात्री फावडं घेऊन पाटावर उतरला आणि समोर पाटकरी उभा! या एका प्रसंगावर पन्नास पानं सहज चालली असती.

पुढचं असलं पुस्तक घेताना दुकानातच पहिली तीस पानं चाळा. माणसं पाणी कुठून आणतात आणि गिरणी बंद पडल्यावर दळण कशावर दळतात, हे तोवर आलं नसेल तर परत ठेवा.