वाचनालयासाठी सीएसआर निधी : पत्र नेमके कोणाला पाठवावे?

प्रश्न : आमचे सार्वजनिक वाचनालय तालुक्याच्या गावी आहे. अभ्यासिका आणि बालविभाग उभारण्यासाठी नामांकित कंपन्यांना तीसेक पत्रे पाठवली, एकाचेही उत्तर आले नाही. कोणती कंपनी कशावर खर्च करते, याची खात्रीलायक माहिती इंटरनेटवर कुठे मिळेल?
— एक कार्यवाह, जि. सातारा

उत्तर : आपण नाव पाहून पत्रे पाठवलीत, आता कागद पाहून पाठवा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर (कंपन्यांचे सामाजिक दायित्व) म्हणतात. ५ कोटी नफ्याची अट पाहता आपल्या जवळच्या औद्योगिक वसाहतीतील, फारशी कोणाला ठाऊक नसलेली कंपनीही त्यात बसू शकते.

सुरुवात केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ‘नॅशनल सीएसआर पोर्टल’पासून करावी. तेथे राज्य, क्षेत्र आणि कंपनी यांनुसार खर्च पाहता येतो. मात्र ही आकडेवारी कंपन्यांनी भरलेल्या विवरणांवरून येत असल्याने ताजे वर्ष उशिरा दिसते.

खरा ऐवज वार्षिक अहवालाला जोडलेल्या सीएसआरच्या परिशिष्टात असतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल बीएसई आणि एनएसई यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. इतर कंपन्यांची कागदपत्रे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीमागे १०० रुपये भरून पाहता येतात. २०२२ च्या नियमदुरुस्तीनंतर हे परिशिष्ट आटोपशीर झाले, आमच्या मते जरा जास्तच. प्रकल्पवार तक्ता त्यातून गेला. म्हणून २०२०-२१ चा अहवालही काढावा. त्यात प्रकल्पाचे नाव, जिल्हा, रक्कम आणि काम ज्या संस्थेमार्फत झाले तिचे नाव एका ओळीत सापडते. चालू वर्षाचे मंजूर प्रकल्प कंपनीला स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावेच लागतात. कंपनीच्या २१ अक्षरी ओळख क्रमांकात ‘एमएच’ दिसले, तरी त्याचा अर्थ नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात आहे एवढाच. कारखाना कोठे आहे ते अहवालातच शोधावे. कायद्याने कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य देण्यास सांगितले असल्यामुळे आपल्या दृष्टीने कारखान्याचा पत्ता महत्त्वाचा.

सार्वजनिक वाचनालयांची उभारणी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहे. पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात तिचा उल्लेख करावा. त्याआधी संस्थेची प्राप्तिकर कायद्याखालील १२ए व ८०जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचे पुरावे आणि मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ अर्ज भरून मिळणारा क्रमांक तयार ठेवावा, कारण १ एप्रिल २०२१ पासून त्या क्रमांकाविना कंपनी आपल्यामार्फत हा खर्च करू शकत नाही. तीस पत्रांऐवजी तीन पाठवावीत, आणि प्रत्येकात त्या कंपनीने आपल्या जिल्ह्यात पूर्वी केलेल्या एका कामाचा नावानिशी उल्लेख असावा.