आरमार, नौदल आणि ठाण्याचा तुरुंग

प्रश्न असा आला आहे : "आमच्या वॉर्डातले एक नेते सभेत म्हणाले, 'नौदल' हा दिल्लीने लादलेला शब्द, 'आरमार' हा अस्सल मराठी, तोच वापरा. हे बरोबर आहे का? त्याच भाषणात ठाण्याचा किल्ला तुरुंगातून सोडवून पर्यटनस्थळ करण्याची घोषणाही झाली."

त्या सभेचा फ्लेक्स मी कोर्टनाक्याकडे जाताना बसमधून पाहिला. त्यावर लिहिलंय, "आमची आरमार, आमचा अभिमान". आमची? अहो, आरमार नपुंसकलिंगी आहे. ते आरमार. आणि खाली चित्र एका जहाजाचं. आरमार म्हणजे एक जहाज नव्हे, अख्खा ताफा. अभिमान बाळगायचा तर निदान लिंग-वचन सांभाळून बाळगा.

आता मूळ मुद्दा. दिल्ली 'नौसेना' म्हणते. 'नौदल' म्हणतो आपण, जसं भूदल आणि हवाई दल. म्हणजे साहेबांनी हाकलायला घेतला तोच शब्द घरचा निघाला, आणि ज्याला अस्सल म्हणून पाटावर बसवलं तो पाहुणा! आरमार आलं पोर्तुगीज 'आर्मादा'वरून. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या राज्यकारभारावरच्या ग्रंथात "आरमार म्हणजे एक स्वतंत्र राज्यांगच" असं ठणकावून सांगितलंय, तेव्हा शब्द परका म्हणून कमी लेखायचं कारण नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आल्यावर खाडीत जहाजबांधणी सुरू झाली, त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. कारागिरांबरोबर त्यांचे शब्दही येतातच. आरमारातलं 'गुराब' हे जहाजाचं नाव तर अरबी, त्याचा मूळ अर्थ कावळा.

'आर्मादा'च्या शेवटच्या 'दा'चा 'र' कसा झाला? माझं मत : मराठी कानाला त्यात 'मार' ऐकू आला. शत्रूला मार देणारं ते आरमार, मग जिभेने शेपूट बदललं. यावर एक निवृत्त गुरुजी मला दरवेळी ऐकवतात की मूळच 'आर' अधिक 'मार' असं आहे, आर म्हणजे बैलाला टोचायच्या पराणीचं टोक. गुरुजी, समुद्रात बैल कुठून आणलेत?

पण खरी गंमत आरमारात नाहीच, ती तुरुंगात आहे.

पोर्तुगीज 'त्रोंकु' म्हणजे झाडाचं खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड, त्यावरून कैदखाना. सुरुवातीचं जोडाक्षर फोडून मराठीने 'तुरु' केलं, अनुनासिकापाठच्या 'क'चा 'ग' झाला, आणि तुरुंग तयार. आता आपल्याकडे बघा : कैद्याचे पाय अडकवायच्या लाकडाला आपण काय म्हणायचो? खोडा! तोही खोडावरूनच. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, त्याच झाडापाशी पोचल्या. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला होता. तुरुंग संस्कृत 'तुरंग' म्हणजे घोड्यावरून आला, म्हणजे तबेल्यावरून, असं सांगणारेही आहेत. त्यांना माझा एकच प्रश्न : तुरुंगातले घोडे पळाले का?

आणि हा शब्द ठाण्यात किती चपखल बसलाय पाहा. किल्ला बांधायला घेतला १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना फाशी दिली ती इथेच. बसच्या खिडकीतून दिसणारी ती काळी दगडी भिंत पोर्तुगीजांनी घालायला घेतलेली, आणि तिच्या आत जे चालतं त्याचं नावही त्यांचंच. नेतेसाहेबांना पर्यटकांना काही दाखवायचंच असेल, तर गाइडने आधी हे सांगावं, मग हव्या तेवढ्या तलवारी.

हो, ठाण्यातल्या नौपाड्याचं 'नौ' म्हणजे नौका, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. पुरावा पाठवा, मग बोलू.

तर तुमचा प्रश्न : शिवकालाबद्दल लिहिताना आरमार, आजच्याबद्दल नौदल. दोन्ही चालतात. आणि फ्लेक्सवाल्याला गाठून 'आमची'चं 'आमचं' करून घ्या, अभिमान तसाच राहू दे.