पेटीचा भाता आणि आपली छाती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मी भजनाला पेटी वाजवतो आणि गातोही. गुरुजी म्हणतात, श्वास पोटातून घे. फुफ्फुसं तर छातीत असतात, मग हे कसं? (डिचोली)

उत्तर तुमच्या पेटीतच आहे. भाता उघडला की आतली जागा वाढते, दाब उतरतो आणि बाहेरची हवा आपसूक आत शिरते. तापमान तेच राहिलं तर जागा वाढली की वायूचा दाब घटतो, हा बॉइलचा १६६२ मधला नियम. फुफ्फुसंही स्वतःहून फुगत नाहीत. त्यांचा भाता म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधलं घुमटासारखं श्वासपटल. ते आकसून खाली उतरतं, छातीतली जागा वाढते आणि पोटातले अवयव दाबले गेल्याने पोट पुढे येतं. गुरुजींचं अगदी बरोबर आहे. बाहेर ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. शांत श्वास घेताना फुफ्फुसांतला दाब त्याहून जेमतेम एक मिलिमीटर खाली जातो आणि तेवढ्यावर अर्धा लीटर हवा आत येते. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

प्रश्न : मे महिन्यात बाबा सारखे म्हणतात, 'हवेत ऑक्सिजनच नाही.' दमट हवेत तो खरंच कमी होतो का? वय ७२. (मडगाव)

होतो, पण अगदी थोडा, आणि तो फरक फुफ्फुसांपर्यंत पोचतच नाही. मिश्रणातला प्रत्येक वायू आपल्या वाट्याचा दाब देतो, असं डाल्टनचा नियम सांगतो. कोरड्या हवेत ऑक्सिजनचा वाटा ७६० च्या २१ टक्के, म्हणजे सुमारे १६०. तीस अंशांवर हवा बाष्पाने पूर्ण भरली तर तो १५३ वर येतो. आता नाकात डोकावू. दोन्ही बाजूंना आतून वळलेल्या तीन-तीन पातळ हाडांवर ओलसर अस्तर असतं. त्यांच्यावरून जाताना हवा ऊब आणि ओल घेते. श्वासनलिकेतून खोल उतरेपर्यंत ती ३७ अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. तिथे बाष्पाचाच वाटा ४७. उरलेल्या ७१३ चे २१ टक्के म्हणजे १५०. वाळवंटातली कोरडी हवा असो की मडगावची घामट, आत आकडा हाच.

मग बाबांचा जीव का घाबरा होतो? घाम वाळत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पंखा, पाणी, सैल सुती कपडे यांनी बरं वाटेल. पण चालताना धाप लागत असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल किंवा पाय सुजत असतील, तर हवेला दोष देत बसू नका. हृदय तपासून घ्या, याच आठवड्यात.

प्रश्न : मुलगा ग्रँड आयलंडला स्कूबा करून त्याच रात्री मोपाहून विमानाने जाणार आहे. चालेल का? (वास्को)

नाही. तिकीट बदला. पाण्याखाली वाढलेल्या दाबाने नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. विमानात दाब उतरला की सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास थांबावं. मी २४ सांगतो. आणि वर येताना त्याने श्वास मुळीच रोखू नये. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, त्यामुळे तिथे भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकतं. उथळ पाण्यातही.

प्रश्न : अडीच वर्षांच्या नातवाला काजू खाताना ठसका लागला. मग खोकला थांबला. आता काळजी नाही ना? (फोंडा)

आहे, आजी. त्याला आजच डॉक्टरांना दाखवा. श्वासनलिका खाली दुभंगते तिथे उजवी फांदी डावीपेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभी असते, म्हणून तुकडा बहुधा उजवीकडे उतरतो. असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. हसत होता, खेळत होता. स्टेथोस्कोप लावला तर डावीकडे श्वास स्वच्छ आणि उजवीकडे जेमतेम ऐकू येणारा. काजू एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे चांगला आहे' एवढ्यावर थांबू नका. तुकडा दुर्बिणीने काढावा लागतो.

ठसका लागलेलं मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल तर कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थापा मारा. पाच वर्षांपर्यंत अख्खा काजू नको. द्यायचाच तर बारीक कुटून, खिरीत.