नाल्याच्या जोरावर चढणारं पाणी

प्रश्न : आमचं वावर चिखलदरा तालुक्यात, नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. लाइन तिथवर आलेली नाही, डिझेल इंजिन परवडत नाही. रॅम पंप, म्हणजे वाहत्या पाण्याच्याच धक्क्याने पाणी वर चढवणारा पंप, घरी बनवता येतो असं ऐकलं. नाल्यापासून वावर ४० फूट उंच आहे. जमेल का? आणि खालच्या विहिरीवरही तो चालेल का?
– एक शेतकरी

उत्तर : भाऊ, जमण्यासारखं आहे. पण पाइप आणायच्या आधी दोन मापं घ्या. सगळं त्यांच्यावर ठरतं, पंप कितीही चांगला जोडला तरी.

पहिलं माप उताराचं. पाणी जिथे अडवणार तिथून पंप बसेल त्या जागेपर्यंत नाला किती खाली उतरतो, हे गवंड्याच्या लेव्हल नळीने बघा. दुसरं पाण्याचं. मातीचा छोटा बांध घालून सगळी धार एका पाइपातून काढा आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. हे माप मार्चमधलं हवं. दिवाळीतल्या भरल्या नाल्यावर हिशेब मांडाल तर उन्हाळ्यात पंप बंद पडेल.

समजा उतार ६ फूट निघाला आणि बादली १५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. ६० ला ६ ने गुणा, ४० ने भागा, त्याचं निम्मं करा, कारण घरच्या पंपात साधारण अर्धी ताकद वाया जाते. मिनिटाला साडेचार लिटर वर चढेल. कमी वाटतं ना? पण तो रात्रंदिवस चालतो. चोवीस तासांत साडेसहा हजार लिटर झाले. वर टाकी बांधली तर ठिबकवर दहा गुंठे भाजी निघते. बाकीचं पाणी नाल्यातच परत जातं, खालच्या वावरवाल्याचं फारसं काही जात नाही.

चालतो कसा? पाइपातून वेगाने आलेलं पाणी आधी उघड्या झडपेतून बाहेर पडतं. वेग वाढला की तेच पाणी झडपेची पाकळी ओढून बंद करतं. धावती बैलगाडी एकदम अडवल्यावर माल जसा पुढे आदळतो, तसा पाण्याचा धक्का बसतो आणि थोडं पाणी दुसऱ्या व्हॉल्व्हमधून वर ढकललं जातं. जोर संपला की पाकळी आपल्या वजनाने खाली पडते, पुन्हा तेच. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या भावांपैकी जोसेफ माँगोल्फिएने १७९६ साली हा आपोआप चालणारा पंप केला.

या मापाला बांधापासून पंपापर्यंत दोन इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचे २० फुटी दोन नग लागतील. इथे काटकसर करून काळा लवचिक पाइप टाकू नका, धक्का तोच गिळून टाकतो. वर नेणारा एक इंची पाइप मात्र काळा चालेल. बाहेरची झडप म्हणून पितळी स्विंग चेक व्हॉल्व्ह (झुलत्या पाकळीचा, पाणी एकाच बाजूने जाऊ देणारा) उलटा, बाण खाली करून बसवा. पुढे स्प्रिंगचा चेक व्हॉल्व्ह आणि त्यावर हवेची कोठी : चार इंची जाड पीव्हीसी पाइप, तीन फूट, वरून बूच. आत हवा भरलेली सायकलची ट्यूब घडी करून कोंबा. नुसती हवा पाण्यात विरघळत जाते. मग धक्के थेट पाइपावर बसतात आणि जोड सुटतात.

सुरू करताना वर जाणाऱ्या पाइपावरचा बॉल व्हॉल्व्ह (कॉक) बंद ठेवा आणि पाकळी हाताने दाबत राहा. टक-टक आपोआप लागली की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. बांधातल्या पाइपाच्या तोंडाला जाळी हवीच, सागाचा पाला अडकला की पंप थांबतो. पाया काँक्रीटचा, जोडाला युनियन (खोलता येणारा जोड), म्हणजे पावसाळ्याआधी पंप काढून घरी नेता येईल. जागा जंगल खात्याच्या हद्दीत येत असेल तर आधी परवानगी घ्या.

विहिरीवर मात्र चालणार नाही. विहिरीतलं पाणी उभं असतं, त्याला खाली धावायला उतार नाही. ‘विजेविना कुठूनही पाणी’ म्हणून कुणी विकायला आला तर पैसे देऊ नका.