देणगी देण्याआधी संस्थेला काय विचारावं?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांच्या स्मरणार्थ ग्रामीण भागातल्या एका आरोग्य संस्थेला दरवर्षी काही रक्कम द्यायची आहे, पण पैसे सत्कारणी लागतील की नाही याची धाकधूक वाटते. 'प्रशासकीय खर्च दहा टक्क्यांच्या आत' एवढं पाहिलं तर पुरेल का?

माझ्या मते पुरणार नाही. मी न्यासांचे (ट्रस्टचे) हिशेब लिहिते, त्यामुळे हे टक्के कसे तयार होतात ते रोज पाहते. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यासाचे तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. त्यातल्या शेड्यूल 9 मध्ये, म्हणजे जमाखर्चाच्या तक्त्यात, 'आस्थापना खर्च' (म्हणजे प्रशासकीय खर्च) वेगळा दाखवतात आणि 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' वेगळा. पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या नर्सचा पगार एक संस्था आस्थापनेत टाकते, दुसरी वैद्यकीय मदतीत. काम तेच, पण कागदावर पहिली उधळी ठरते. शिवाय चांगलं प्रशिक्षण, देखरेख, नोंदी ठेवणारा माणूस या सगळ्याला पैसा लागतोच. तो कापला की टक्का सुंदर दिसतो आणि काम पोकळ होतं.

त्यापेक्षा संस्था काय मोजते ते बघा. '5,000 लाभार्थी' म्हणजे कोण? शिबिरात एकदा रक्तदाब तपासून घरी गेलेला माणूसही त्यात धरतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने केलेलं काम मला यासाठी फार मोलाचं वाटतं. त्यांनी सुरुवात केली ती बालमृत्यू मोजण्यापासून. 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणंसुद्धा. जन्म-मृत्यूच्या नोंदी घरोघरी फिरून पडताळल्या. हजार जन्मांमागे 62 च्या आसपास असलेले नवजात मृत्यू 1997-98 पर्यंत 25 वर आले. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती दुसरी 47 गावं, जिथे हे काम केलं नव्हतं. तिथेही मोजलं, आणि तिथला आकडा साठच्या घरातच राहिला. ही तुलना नसती तर 'तसंही सगळीकडे मृत्यू कमी होतच होते' असं कुणीही म्हणू शकलं असतं. 1999 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, म्हणजे ज्याला चुका काढायच्या असतील त्याच्यासाठी ते उघड होतं. पुढे आशा ताईंच्या घरभेटींमधून याच धर्तीची पद्धत देशभर गेली.

शिक्षणात 'प्रथम' या संस्थेचं उदाहरण आहे. 2005 पासून तिच्या 'असर' पाहणीत मुलांना त्यांच्या घरीच अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला देतात. 2018 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ज्या क्षेत्रात आपण स्वतः राबतो तिथली इतकी कडू गोष्ट जाहीरपणे सांगणाऱ्या संस्थेच्या इतर आकड्यांवर मी सहज विश्वास ठेवते.

प्रत्येक छोट्या संस्थेकडून असा अभ्यास मागू नका, ते अन्यायाचं होईल. तिला फक्त विचारा: गेल्या वर्षी ठरवलेलं काय जमलं नाही? किती रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडून गेले, आणि का? हा अहवाल तुम्ही गावात वाचून दाखवता का? ज्यांच्या नावावर देणगी येते त्यांना हिशेब दाखवत नसतील, तर छापील अहवाल कितीही गुळगुळीत असो, मी तिथे पैसे देणार नाही.

उत्तरं पटली तर तीन वर्षांचा शब्द द्या आणि रक्कम अमुकच गोष्टीवर खर्च करा अशी अट घालू नका. देणगीवरची आयकराची सवलत (80जी) हवी असेल तर 2,000 रुपयांवरची देणगी रोख देऊ नका आणि वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (फॉर्म 10बीई) मागून घ्या. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते.